ती आरोपी असते तेव्हा आपण कुठे असतो?

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, केंद्र बंद करायची वेळ. वस्तीतल्या एका बाईंचा फोन आला, "ताई, लगेच या. तिला दुकानात धरून ठेवलंय." 'तिला' म्हणजे कोणाला हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. ती आमच्या एका बचत गटाची खजिनदार. पाच वर्षं गटाची वही तिच्याकडे. दहा रुपयांचा फरक निघाला तरी सगळ्यांना बसवून ठेवून पहिल्यापासून बेरीज मांडणारी बाई.

दुकान म्हणजे कपडे, चपला, भांडी, किराणा असं सगळं एका छपराखाली मिळणारं मोठं दुकान. मी पोचले तेव्हा ती मागच्या बाजूला व्यवस्थापकांच्या खोलीत एका स्टुलावर बसली होती. दुपारी दोनपासून. टेबलावर तिची पर्स उलटी केलेली. दाराशी दोन सुरक्षारक्षक, दोघेही पुरुष. चार तासांत पाणी मिळालं होतं, लघवीला जाऊ दिलं नव्हतं. एकाने मोबाइलवर तिचे फोटो काढून ठेवले होते, 'सगळ्या शाखांना पाठवायला'.

हकिगत अशी. जूनमध्ये तिने मुलासाठी शाळेचे बूट घेतले. ते लहान झाले, म्हणून बिल घेऊन परत केले. सातशे नव्व्याण्णव रुपये रोख हातात पडले. यात काहीच गैर नव्हतं. ऑगस्टमध्ये नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि कंपनीने त्याला पुन्हा घेतलं नाही. त्याच सुमारास दुकानातल्या ट्रॉलीत तिला कोणीतरी टाकून दिलेलं बिल सापडलं. बिलावरची वस्तू तिने मांडणीवरून उचलली आणि परतीच्या काउंटरवर नेऊन ठेवली. पैसे मिळाले. असं तिने तीन महिन्यांत चार वेळा केलं. एकूण सहा हजार तीनशे रुपये. पाचव्या वेळी कॅमेऱ्यात दिसली.

तिने हे केलं होतं. ही गोष्ट मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण खोटा आळ आलेल्या बाईची बाजू कशी घ्यायची हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. हा लेख आळ खरा असलेल्या बाईबद्दल आहे.

माझी चूक

व्यवस्थापकांनी कागद पुढे केला. माफीनामा लिहून द्या, नुकसान भरून द्या, आम्ही पोलिसांत जात नाही. मजकूर ते सांगणार, ती लिहिणार. त्यात वाक्य होतं, 'गेल्या वर्षभरात मी वेळोवेळी अशा प्रकारे एकूण ४८ हजार रुपयांची फसवणूक केली.' ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, एवढे नाहीत हो." मी तो आकडा वाचला होता. तरी मी तिला म्हणाले, "आत्ता लिहून दे, अंधार पडायच्या आत घरी जाऊ. आकड्याचं नंतर बघू."

नंतर काही बघता आलं नाही. बहिणीच्या बांगड्या गहाण टाकून तिने वीस हजार भरले. तीन आठवड्यांनी तिला पोलीस ठाण्याची नोटीस आली. दुकानाच्या तक्रारीला तोच कागद जोडलेला होता, तिच्या अक्षरातला.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी कायद्याचा पेपर चांगल्या गुणांनी पास झाले होते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे मला पाठ होतं. पण त्या खोलीत पोलीस नव्हते. दुकानदारासमोर लिहून दिलेला कबुलीजबाब न्यायालयापुढे येऊ शकतो. धाक दाखवून किंवा आमिष दाखवून घेतला असेल तर तो टिकत नाही, पण धाक होता हे मांडायची जबाबदारी मग आपल्यावर येते. आणि धाक नव्हता असं सांगायला दुकानाकडे चांगलाच मुद्दा आहे: तिच्या शेजारी एक समाजसेविका बसली होती. ती समाजसेविका म्हणजे मी.

पाच हजार रुपये आणि सात वर्षं

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात एक चांगली तरतूद आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. तुरुंग नाही. अशा चोरीत पोलीस थेट गुन्हा नोंदवून अटकही करू शकत नाहीत. गरिबीतून झालेल्या लहान चोऱ्यांकडे कायद्याने पहिल्यांदाच जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

पण परतीच्या काउंटरवर जे घडतं त्याला कायदा सहसा चोरी म्हणत नाही, फसवणूक म्हणतो. दुसऱ्याचं बिल आपलं म्हणून दाखवलं आणि समोरच्याला पैसे द्यायला लावलं, म्हणजे कलम ३१८, पोटकलम ४. आपण ज्याला 'चारशेवीस' म्हणत आलो ते. इथे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र, अजामीनपात्र. आणि इथे पाच हजारांची मर्यादा नाही. सातशे रुपयांचं टॉवेल पिशवीत घालून बाहेर पडलेली बाई समाजसेवेवर सुटू शकते. तेच टॉवेल काउंटरवर ठेवून सातशे रुपये घेणारी बाई सात वर्षांच्या कलमाखाली उभी राहते. चोरीला दिलेली ही सवलत लहान रकमेच्या फसवणुकीलाही मिळायला हवी, अशी मागणी कोणी करताना मला तरी दिसलं नाही. आपण करायला हवी.

यावरून एक गैरसमज होऊ नये. वस्तू परत करणं हा गुन्हा नाही. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. दुकानातल्या पाट्यांना घाबरून आपल्या बाया फाटका माल घरी ठेवून घेतात, ते थांबायला हवं. गुन्हा होतो तो खोटेपणाने.

आमच्या बैठकीत काय झालं

नोटीस आल्यावर आम्ही कार्यकर्त्यांची बैठक बोलावली. प्रश्न सरळ होता. हे प्रकरण आपण घ्यायचं का?

एकीने सांगितलं, नाही. पोलीस ठाण्यात आपण हिंसेच्या तक्रारी घेऊन जातो. उद्या त्याच साहेबांसमोर चोरी केलेल्या बाईसाठी उभं राहिलो तर आपल्या शब्दाला किंमत काय राहील? दुसरी म्हणाली, तिने केलं तरी काय? एवढ्या मोठ्या दुकानाला सहा हजारांनी काय होतं? घरात पीठ नसताना बाई काय करणार?

तेव्हा मागे बसलेली एक बाई उठली. तिची मुलगी त्याच दुकानात परतीच्या काउंटरवर कामाला होती. बावीस वर्षांची. चार वेळचे पैसे तिच्या हातून दिले गेले होते. दुकानाने ठरवलं की ही आतून सामील आहे. लेखी काही न देता तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि महिन्याचा पगार अडकवून ठेवला. संगणकावर तिच्या नावाने आणखीही परतीच्या नोंदी निघाल्या. त्या काउंटरवर चौघीजणी एकच पासवर्ड वापरत होत्या, कारण रांग वाढली की वरिष्ठच तसं करायला सांगत. ती आई म्हणाली, "दुकानाला काही झालं नसेल. माझ्या पोरीला झालं."

सगळ्या गप्प झाल्या. मला वाटतं, त्या दिवशी त्या खोलीत बोललेलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं. मोठ्या दुकानाचं नुकसान मोठ्या दुकानाच्या मालकापर्यंत पोचायच्या आधी दहा हजारांवर बारा तास उभ्या राहणाऱ्या मुलीपाशी थांबतं. 'गरिबीने केलं' एवढं म्हणून आपण मोकळ्या झालो, तर या मुलीला उत्तर द्यायला आपल्याकडे काही उरत नाही. आणि त्या मुलीची बाजूही साधी नाही. तिच्यावर पोलीस केस झाली असती तर नोकराने केलेल्या विश्वासघाताचं कलम लागलं असतं. त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काउंटरच्या दोन्ही बाजूंना बाया, आणि दोन्ही बाजूंना सात वर्षं.

माझं म्हणणं मी तेव्हा मांडलं, ते इथेही मांडते. सोबत करणं म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे. पुराव्याचा निकाल न्यायालय देईल. तिला कायद्याने जे मिळायला हवं ते मिळतंय की नाही, आणि कायद्याने द्यायची नाही अशी शिक्षा तिला कोणी देत नाही ना, एवढं पाहणं हे आपलं काम. त्यासाठी ती निष्पाप असण्याची अट घालायची गरज नाही. अशी अट घातली तर आपणही 'चांगली बाई' आणि 'वाईट बाई' ही जुनीच विभागणी चालवत राहू.

कोणाला चोर म्हणतात

तिला शिक्षा निकालाच्या आधीच सुरू झाली. नवऱ्याने मारलं. सासू शेजाऱ्यांसमोर पर्स तपासू लागली. गटाने एकमताने वही काढून घेतली. वहीत एक पैशाचाही घोळ नव्हता, दोनदा तपासली. तरी काढून घेतली. तिच्या मुलाला शाळेत कोणीतरी बुटांवरून बोललं, म्हणून तो आता जुन्या चपला घालून जातो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात मी एक महागडा कुर्ता घातला होता, किमतीची चिठ्ठी आतल्या बाजूला दुमडून. दुसऱ्या दिवशी तो 'मापाचा नाही' म्हणून परत केला. आम्ही तिघी-चौघी असं करायचो आणि हसायचो. इंटरनेटवरून मागवलेल्या कपड्यांबाबत हेच आजही किती घरांत सहज चालतं! तीही फसवणूकच होती. पण मला कोणी स्टुलावर बसवलं नाही. फार तर काउंटरवरच्या मुलीने एक नजर टाकली असेल. बोलण्यावरून आणि कपड्यांवरून मी कोणत्या घरातली आहे हे तिला कळत होतं.

उलट पारधी समाजातली बाई खिशात पैसे घेऊन दुकानात शिरली तरी रक्षक तिच्या मागे चालू लागतो. इंग्रजांनी १८७१ पासून केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांचा शेवट १९५२ साली झाला. कायदा गेला, नजर गेली नाही. ज्या दुकानात माझी थट्टा होते तिथे तिचा गुन्हा होतो. आपल्या गटांत भटक्या-विमुक्त बाया मुळात किती आहेत, हाही प्रश्न आपण या निमित्ताने स्वतःला विचारावा.

आपलीच जुनी शिदोरी

हे काम आपल्याला अगदी नवं आहे असंही नाही. मथुरा प्रकरणाने आपल्याला शिकवलं की पोलीस ठाण्यात बाई एकटी असता कामा नये. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली निर्देश दिले: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि स्त्री पोलिसांचा पहारा, चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला. त्या बाया आरोपी होत्या. त्यांनी गुन्हा केला होता की नाही, हे त्या पत्रात महत्त्वाचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यापैकी अनेकींना बोचेल. २०१४ साली अर्नेशकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, कारणं नोंदवावीत, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी. ते प्रकरण ४९८-अ चं होतं. छळ करणाऱ्या नवऱ्यांना मोकळीक मिळेल म्हणून आपण त्या निकालावर नाराज होतो, आणि निकालात बायांबद्दल जे लिहिलं गेलं त्यावर मी आजही नाराज आहे. पण आमच्या खजिनदार बाईला अटक न होता नोटीस आली, ती याच निकालाच्या आधाराने. अटकेला घातलेला बांध कोणा एकासाठी राहत नाही. तो सगळ्यांत जास्त कामाला येतो तो ज्याच्याकडे वकील नाही त्याच्या.

पहिल्या दिवशी काय करायचं

माझी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून, आमच्या वकील मैत्रिणीकडून शिकलेलं थोडक्यात लिहिते.

१. दुकानाच्या खोलीत काहीही लिहून देऊ नका, सही करू नका. 'वकिलांशी बोलून सांगते' एवढंच म्हणा. भांडू नका, पळू नका.

२. दुकानाला खटला चालवायचा अधिकार नाही. समोर अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा घडला तरच खाजगी माणूस कोणाला धरू शकतो, आणि विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. त्याशिवाय डांबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. रक्षकांना बळजबरीने झडती घेता येत नाही. पोलिसांनाही बाईची अंगझडती बाईकडूनच, मर्यादा पाळून घ्यावी लागते.

३. किती वाजता धरलं, कोण होतं, पाणी-शौचास जाऊ दिलं की नाही, काय बोलले, हे त्याच रात्री लिहून ठेवा. कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवावं असं लेखी पत्र दुकानाला आणि पोलीस ठाण्याला द्या.

४. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. करायचीच तर स्त्री पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. अटकेचं कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं करायला हवं. चौकशीच्या काळात वकिलांना भेटण्याचा हक्क आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या कलम २० नुसार कोणावरही करता येत नाही.

५. नोटीस आली तर घरात लपवू नका. ठरलेल्या दिवशी हजर राहा, सोबत कोणीतरी घेऊन जा. नोटिशीला गैरहजर राहिलात तर अटकेला कारण मिळतं.

६. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

७. नुकसान भरायचं असेल तर वकिलामार्फत, खऱ्या रकमेचं, पावती घेऊन. या कलमात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते.

आणि दोषी ठरलीच तर? १९५८ चा गुन्हेगार परिवीक्षा कायदा आपण विसरलो आहोत. पहिल्याच गुन्ह्यात, ताकीद देऊन सोडून देण्याचा अधिकार तो न्यायालयाला देतो, आणि ज्या गुन्ह्यांची नावं त्यात घेतली आहेत त्यांत जुनं ४२० कलम आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवरही सोडता येतं. या कायद्याखाली सुटलेल्या व्यक्तीला त्या शिक्षेमुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, हीही तरतूद आहे. परिवीक्षा अधिकारी घरची परिस्थिती पाहून अहवाल देतो. ती परिस्थिती त्यांच्यापर्यंत नीट पोचवणं हे आपलं काम. आपण सामाजिक तपासणीचे अहवाल लिहायला शिकलेल्या आहोत. मग ते फक्त दत्तकविधान आणि पोटगीसाठीच का लिहायचे?

आज

प्रकरण अजून चालू आहे. त्या कागदावरचा ४८ हजारांचा आकडा खोडून काढायला वकीलबाई झटत आहेत. कागद लिहिताना त्या खोलीत काय घडलं, आणि मी काय सल्ला दिला, हे मी न्यायालयात सांगायला तयार आहे. काउंटरवरच्या मुलीचा अडकलेला पगार आम्ही कामगार खात्याकडे अर्ज करून मागितला आहे. दोन्ही कामं आम्ही एकाच बैठकीत घेतली. ती दोन कामं एकमेकींच्या विरोधात आहेत असं सुरुवातीला वाटलं होतं, आता वाटत नाही.

एक दिवस आमची खजिनदार बाई केंद्रात आली आणि म्हणाली, "त्या पोरीला मला भेटायचंय. माफी मागायचीय." मुलीच्या आईने अजून हो म्हटलेलं नाही. आम्ही तिला आग्रह करणार नाही. गटात मात्र खजिनदारीचा विषय मी पुन्हा काढणार आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, तुमच्या गटात असं कधी घडलं आहे का? घडलं असेल तर तुम्ही काय केलंत, कशावरून भांडलात, कोणती चूक केलीत, ते जरूर लिहून पाठवा. जिंकलेल्या लढ्यांबद्दल आपण खूप लिहितो. ज्या बायांच्या बाजूने उभं राहताना आपली चलबिचल झाली, त्यांच्याबद्दलही लिहू या.